चिप उचला, तारीख वाचा!

सीप्झ म्हणजे काय, सांगता येईल? अंधेरी पूर्वेला राहणाऱ्या किंवा रोज मेट्रो ३ पकडणाऱ्या कुणालाही विचारून बघा. ‘आयटी कंपन्या आहेत तिथं’, ‘दागिन्यांचे कारखाने’, ‘मेट्रोचं स्टेशन आहे ना ते’ अशी उत्तरं मिळतील. पूर्ण नाव मात्र फार कमी जणांना माहीत असतं. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. १९७३ मध्ये सरकारनं हा पट्टा आखला तो दागिन्यांसाठी नव्हे, तर निर्यात करायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. दागिने नंतर आले. म्हणजे तुमच्या-आमच्या उपनगरात पन्नास वर्षांपूर्वीपासून सर्किट बोर्ड बनत होते, सोल्डर होत होते, तपासले जात होते.

मग ते सगळे बोर्ड गेले कुठं? उत्तर फार लांब नाही. सीप्झहून रिक्षा केली की थोड्याच वेळात साकीनाका येतं आणि तिथून पुढे कुर्ला. ऑफिसांनी काढून टाकलेले कम्प्युटर, बँकांची जुनी यंत्रं, बंद पडलेले टीव्ही, एसटीडी बूथची मीटरं असं सगळं या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये उतरतं, फोडलं जातं आणि किलोच्या भावानं पुढे जातं. त्या ढिगात काही जण वेगळंच काहीतरी शोधत असतात. त्यांना तांबं नको असतं, सोनं नको असतं. त्यांना हवी असते एखादी चाळीस पायांची, जांभळट-करड्या सिरॅमिकची चिप, जिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ८४३७.

जुन्या चिप्स आणि बोर्ड जमवणं हा जगभर रुजलेला छंद आहे. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काड्यापेटीची लेबलं यांच्याच पंगतीतला. फरक एवढाच, की नाणी जमवायला पैसे लागतात आणि इथं सुरुवात घरातल्या माळ्यावरच्या बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरपासून करता येते.

आधी वाचायला शिका

चिपवर जे छापलेलं असतं, ते पहिल्यांदा बघणाऱ्याला गिचमिड वाटतं. पण त्यात तीन गोष्टी असतात : कुणी बनवली, कुठली चिप आहे आणि कधी बनवली. तिसरी गोष्ट सगळ्यात मजेशीर. बहुतेक चिप्सवर चार आकडी डेट कोड असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८४३७ म्हणजे १९८४ सालचा ३७वा आठवडा, साधारण सप्टेंबरचा मध्य. ९१०२ म्हणजे १९९१च्या जानेवारीचा दुसरा आठवडा. तुमच्या आई-बाबांचा जन्म, त्यांची दहावी, त्यांचं लग्न ज्या आठवड्यात झालं, त्या आठवड्यातली चिप शोधायची, असाही एक खेळ काही जण खेळतात.

यात दोन फसवे सापळे आहेत. एक, इंटेलच्या जुन्या चिप्सवर गोलातला सी आणि ‘७८’ किंवा ‘८०’ असं काहीतरी दिसतं. ते डिझाइनच्या कॉपीराइटचं वर्ष. चिप त्याच वर्षी बनली असं नव्हे. कॉपीराइट १९७८चा आणि चिप १९८८ची, हे अगदी नेहमीचं. दुसरा सापळा ७४ नंबरच्या मालिकेचा. ७४०४, ७४०८ ही लॉजिक गेटची नावं आहेत, हे तुम्हाला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलमुळे माहीत असेल. पण १९७४च्या आठव्या आठवड्यात बनलेल्या चिपवरही ७४०८ असंच छापलेलं असणार! अशा वेळी दुसऱ्या ओळीत काय आहे, शेजारच्या चिप्सवर कुठली वर्षं आहेत, ते बघायचं.

हे शेजाऱ्यांना विचारणं फार कामाचं. समजा, एका बोर्डवर ८४३१, ८४४६ आणि ८५०२ असे डेट कोड आहेत. म्हणजे हा बोर्ड १९८५च्या जानेवारीच्या आधी तयार झालेला असूच शकत नाही. बहुधा त्याच वर्षी जुळवला गेला असणार. आता त्याच बोर्डवर एकच चिप ९११७ची निघाली, तर? तर १९९१ मध्ये किंवा त्यानंतर कुणीतरी हा बोर्ड दुरुस्त केला आहे. तिथलं सोल्डर जरा वेगळं, जरा ओबडधोबड दिसेल. एखादा मेकॅनिक कधीकाळी त्यावर वाकून बसला होता, त्याची ती खूण. उत्खननात मातीचे थर वाचतात ना, तसाच हा प्रकार. फक्त इथं खोदायला स्क्रू ड्रायव्हर लागतो.

म्हणूनच मुरलेले संग्राहक सांगतात, की बोर्ड अख्खा मिळाला तर अख्खाच ठेवा. एकेक चिप उपटून काढली, की तिची मूळ जागा, तिचे शेजारी, तिचं काम ही सगळी माहिती गेली. सुटी चिप म्हणजे अल्बममधून फाडलेला फोटो.

सिलॅबसमधली चिप

काय जमवायचं, हे ज्यानं-त्यानं ठरवायचं. कुणी एकाच कंपनीच्या मागे लागतं, कुणी एकाच चिपच्या. कॉलेजच्या मुलांसाठी सगळ्यात सोपी आणि जवळची सुरुवात म्हणजे इंटेल ८०८५. होय, तीच. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमधल्या किटवर जिला हेक्स कीपॅडवरून एकेक बाइट भरवावा लागतो, वायवात जिच्या चाळीस पिना विचारतात, ती.

ही चिप १९७६ची. तिच्यात साडेसहा हजार ट्रान्झिस्टर आहेत. आज तुमच्या खिशातल्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी असतात. पण ८०८५ला कमी लेखू नका. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेली नासाची सोजर्नर ही छोटी गाडी ८०सी८५ या तिच्याच भावंडावर चालत होती. आणि ८०८५ फक्त इंटेलनंच बनवली असंही नाही. एएमडी, एनईसी, सीमेन्स, तोशिबा, ओकी, मित्सुबिशी यांनीही बनवली. तेव्हा मोठे ग्राहक एकाच कारखान्यावर अवलंबून राहायला तयार नसत, म्हणून एकीचं डिझाइन दुसरीनं बनवायचं अशी पद्धत होती. एकच चिप, सात कंपन्यांची नावं, सिरॅमिक आणि प्लॅस्टिक असे वेगवेगळे पोशाख. एवढ्यावरच एक अख्खा डबा भरतो.

दुसरी सोपी सुरुवात झेड८०ची. झायलॉग कंपनीची ही चिपही १९७६चीच. सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती कम्प्युटरमध्ये ती होती. ही चिप इतकी टिकली, की सुट्या झेड८०च्या शेवटच्या ऑर्डर्स कंपनीनं २०२४च्या जूनमध्ये घेतल्या. तुमच्या आजोबांच्या ऐन नोकरीच्या काळात सुरू झालेली गोष्ट तुम्ही कॉलेजात असताना संपली.

आणि पेंटियम? ती तर घरोघरी होती. १९९३ मध्ये आली, ३१ लाख ट्रान्झिस्टर घेऊन. तिच्या जडणघडणीमुळे ज्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतात, ते विनोद धाम जन्मले आपल्या पुण्यात. याच चिपची एक चूकही जगप्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या पेंटियममध्ये भागाकाराच्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ला ३१४५७२७नं भागलं, की उत्तर यायला हवं १.३३३८२, पण येई १.३३३७४. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकांनी अशीच चूक शोधून काढली. आधी कानाडोळा करणाऱ्या इंटेलला शेवटी चिप्स बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. परत आलेल्या काही चिप्सच्या कंपनीनं चक्क कीचेन बनवल्या. गंमत बघा : बिनचूक पेंटियमपेक्षा आज चुकणाऱ्या पेंटियमला संग्राहकांत जास्त मान आहे.

खिडकीवाली चिप

चिपच्या पोटात काय असतं, ते बहुतेक वेळा दिसत नाही. एक अपवाद आहे : ईप्रॉम. हिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी गोल खिडकी असते आणि तिच्यातून सिलिकॉनचा चौकोन आणि त्याला जोडलेल्या केसाहून बारीक तारा दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे साधं भिंग धरलंत तरी फोटो भन्नाट येतो. सिलिकॉनच्या ज्या गोल चकतीतून असे शेकडो चौकोन कापून काढतात, तिलाही वेफरच म्हणतात. आपल्या मुंबईत चिप्सना वेफर्स म्हणायची पद्धत आहेच, तेव्हा नाव लक्षात ठेवायला त्रास नाही.

खिडकी हौसेसाठी नव्हती. ईप्रॉममध्ये यंत्राचा प्रोग्रॅम भरलेला असे. तो पुसायचा तर खिडकीतून १५-२० मिनिटं अतिनील प्रकाश सोडायचा आणि नवीन प्रोग्रॅम भरायचा. काम झालं, की खिडकीवर स्टिकर लावायचा, कारण थेट उन्हात ठेवलेली चिप साधारण आठवड्याभरात कोरी होऊ शकते, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत.

आता इथं खरी गोष्ट सुरू होते. तो स्टिकर कधीच काढू नका. त्यावर कुणीतरी बॉलपेननं व्हर्जन नंबर आणि तारीख लिहिलेली असते. आणि आतला प्रोग्रॅम? १९८०च्या दशकात आपल्याकडे वजनकाटे, टेलिफोन बूथची मीटरं, कारखान्यातली नियंत्रण यंत्रं, बँकेतली लेजर पोस्टिंग मशिन्स अशी किती तरी यंत्रं देशी कंपन्यांनी बनवली. त्यांचा प्रोग्रॅम लिहिणारी माणसं तुमच्यासारखीच नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली होती. त्या कोडची प्रत कुठल्याही सर्व्हरवर नाही. ती आहे फक्त त्या ईप्रॉममध्ये, सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात. तो भार दरवर्षी थोडाथोडा गळत असतो. चिप भट्टीत गेली नाही, तरी एक दिवस आतलं सगळं आपोआप पुसलं जाणार. साध्या यूएसबी प्रोग्रॅमरनं ही चिप वाचून फाइल जपून ठेवता येते. काम पाच मिनिटांचं आहे, पण ते करणारं कुणीतरी हवं.

आपल्या मातीतल्या चिप्स

परदेशी चिप्स जपणारे जगात पुष्कळ आहेत. इंटेलची पहिली ४००४ चिप, १९७१ची, पांढऱ्या सिरॅमिकवर सोनेरी पट्टी असलेली, ती कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये सुखरूप आहे. भारतीय चिप्सची काळजी कोण घेणार?

बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, साठच्या दशकापासून ट्रान्झिस्टर बनवत होती. जुन्या मर्फी-फिलिप्सच्या जमान्यातले रेडिओ उघडले, तर बीईएलची अक्षरं असलेले ट्रान्झिस्टर आजही सापडतात. मोहालीत १९७६ मध्ये सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ऐंशीच्या दशकात तिथं ६५०२ हा प्रोसेसर बनू लागला. त्याच काळात, १९८४-८५ मध्ये, ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे कम्प्युटर पोहोचले. ते चालत ६५०२वरच. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि ते काम अनेक वर्षं मागे गेलं. त्याच मोहालीतल्या प्रयोगशाळेनं बनवलेली ‘विक्रम’ ही ३२ बिटची चिप सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना भेट देण्यात आली, तेव्हा सगळीकडे बातम्या झळकल्या. पण आगीच्या आधीची, एससीएल अशी अक्षरं असलेली चिप एखाद्या ढिगात तुमच्यासमोर आली, तर ती ओळखणारं आज कोण आहे?

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. त्याच्या आत इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स होत्या, अनेक मिळून एकत्र काम करणाऱ्या. आणि मुंबईत, टीआयएफआरमध्ये, त्याच्याही तीस वर्षं आधी टिफ्रॅक हा संपूर्ण देशी बनावटीचा कम्प्युटर चालू होता. १९६० मध्ये तो कामाला लागला. चिप नाहीच, हजारो व्हॉल्व्ह. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब करा : १० किलोबाइट. तुमच्या एका सेल्फीत अशी शेकडो टिफ्रॅक मावतील. पण ते १० किलोबाइट म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या, प्रत्येकीतून तारा ओवलेल्या. त्या काळात देशातल्या शास्त्रज्ञांनी आपली आकडेमोड करायला वापरलेलं हे यंत्र. अशा यंत्राचा एखादा तुकडा हातात धरता येणं आणि त्याचा फोटो बघणं, यात फरक पडतो की नाही, ते तुम्हीच ठरवा.

सोनं की इतिहास?

आता कटू भाग. भंगाराच्या गाळ्यात चिपची किंमत ठरते ती तिच्यातल्या सोन्यावरून. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांवर आणि झाकणावर सोन्याचा मुलामा असतो. जितकी जुनी चिप, तितका मुलामा साधारणपणे जाड. १९९५चा पेंटियम प्रो तर यासाठी बदनामच आहे : जगभर सर्वाधिक वितळवल्या गेलेल्या प्रोसेसरपैकी तो एक. म्हणजे जी चिप सगळ्यात जपण्यासारखी, तीच सगळ्यात आधी आम्लाच्या टबात जाते.

यात गाळ्यातल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं पोट वजनावर आहे. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जपाननं लोकांकडून गोळा केलेल्या जुन्या फोन आणि गॅजेट्समधून बनवली. जवळपास ७९ हजार टन यंत्रांमधून सोनं निघालं ३२ किलो. ते नीट उभारलेल्या कारखान्यांत झालं. आपल्याकडे मात्र बरंचसं काम हातमोजे, मास्क न घालता होतं. बोर्ड गॅसच्या शेगडीवर तापवून चिप्स झटकल्या जातात, तेव्हा सोल्डरमधलं शिसं आणि जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर थेट छातीत जातो. आम्लाचं पाणी गटारात आणि तिथून नाल्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच असल्याच हातांतून जातो, आणि त्यात तुमच्या वयाची मुलंही असतात.

म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारा. एक, आपण ढिगातून आपल्या कामाची एक चिप उचलली, तर उरलेल्या बोर्डाचं काय? ‘मी ई-कचरा वाचवतोय’ असं स्टेटस टाकायचं आणि उरलेला सांगाडा सोसायटीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात लोटायचा, हे चालणार नाही. घरचं जे काही उघडाल, त्यातलं उरलेलं सगळं नोंदणीकृत रिसायकलरच्या संकलन केंद्रावरच द्यायचं. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यानुसार उत्पादक, रिफर्बिशर, रिसायकलर या सगळ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मोठ्या ब्रँडना रिसायकलिंगची जबाबदारीही उचलावी लागते.

दोन, व्हिडिओ बघून घरी सोनं काढायचा मोह होतोय का? नको. नायट्रिक आम्लाची वाफ फुप्फुसं जाळते, हे काम घरी करणं बेकायदाही आहे आणि दहा-वीस चिप्समधून जे निघेल, ते आम्लाच्या खर्चालाही पुरणार नाही.

शोधायचं कुठं?

पहिला मुक्काम घरच. माळा, बाल्कनीतलं कपाट, आजोबांची पेटी. मग ओळखीतले टीव्ही मेकॅनिक. बोरिवली असो की मुलुंड, स्टेशनजवळच्या एखाद्या गल्लीत पंचवीस-तीस वर्षं जुनं रिपेअरिंगचं दुकान असतंच. फ्लॅट टीव्ही आल्यापासून तिथं काम कमी झालंय आणि फळीवर जुने बोर्ड पडून आहेत. अशा काकांना ‘काका, हा बोर्ड कशातला?’ एवढंच विचारा. मग तासभर तुम्हाला बोलायची गरज पडणार नाही. ते काय सांगतील ते लिहून घ्या. पुढे कुठल्याही डेटाशीटमध्ये ते मिळणार नाही.

नंतर लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला लाइन बदलायची. प्रोजेक्टसाठी तुम्ही तिथं जाताच; पुढच्या वेळी झगमगीत दुकानं सोडून जिन्याखालचे, गाळ्यामागचे छोटे पार्टवाले बघा. तिथं फसवणूक होत नाही असं नाही. जुन्या चिपवरचं नाव घासून नवीन नाव छापण्याचा धंदा जगभर चालतो. पाठीचा पृष्ठभाग अनैसर्गिकपणे गुळगुळीत, अक्षरं फारच ताजी, पण पाय मात्र जुनाट आणि सोल्डर लागलेले असं दिसलं, की समजून जा.

साकीनाका, कुर्ल्याला जायचं तर एकटे जाऊ नका, ओळखीच्या माणसाबरोबर जा, दुपारी कामाच्या गर्दीत मध्ये मध्ये करू नका आणि न विचारता फोटो काढू नका. ‘चाचा, ये एक बोर्ड अलग से मिलेगा क्या?’ हे नीट विचारलंत तर बहुतेक वेळा मिळतं. हार्ड डिस्क मात्र उचलू नका. तिच्यात कुणाचा तरी पगार, कुणाचे तरी फोटो असतात आणि ते आपले नव्हेत.

मुंबईची हवा आणि चिपचे पाय

जमवणं सोपं, टिकवणं अवघड, त्यातून मुंबईत. सत्तरच्या दशकातल्या अनेक चिप्सच्या पायांना चांदीचा मुलामा असे. आपल्या दमट, नाल्याकाठच्या हवेत ते काळे पडतात, अगदी आईच्या पैंजणांसारखे. घासू नका, घासलं की मुलामा जातो. चिप्स हवाबंद डब्यात ठेवा आणि बुटाच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. पावसाळ्यानंतर पुड्या बदला. थर्माकोलमध्ये चिप्स खोचायच्या नाहीत, त्यावर स्थिर वीज साठते. जुन्या चिप्ससोबत येणारा काळा फोमही फेकून द्या. तो कालांतराने चिकट होतो आणि पायच खातो. नवा अँटिस्टॅटिक फोम घ्या.

२८६, ३८६, ४८६च्या मदरबोर्डवर निळी किंवा हिरवी, पिंपासारखी छोटी बॅटरी दिसली, तर बाकी सगळं सोडून आधी ती कापून काढा. ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकते. गळालेली असेल, तर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरडं पुसणं, या क्रमानं.

सुरक्षेचं शेवटचं. जुना डबा टीव्ही किंवा मॉनिटर स्वतः उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. कम्प्युटरच्या पॉवर सप्लायचंही तेच. जुन्या रेडिओ ट्रान्समीटरमधले पांढऱ्या सिरॅमिकचे पॉवर ट्रान्झिस्टर फोडायचे नाहीत, काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची पूड विषारी असते. आणि बोर्ड हाताळल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. जुन्या सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसं असे.

पहिलं काम कॉलेजातच

इतकं वाचून हात शिवशिवत असतील, तर कुर्ल्याला जायच्या आधी आपल्याच डिपार्टमेंटमध्ये डोकवा. प्रत्येक कॉलेजात एक डेड स्टॉक रजिस्टर असतं. लॅब नव्या होतात, सिलॅबस बदलतो आणि जुनी ८०८५ची किट्स, ईप्रॉम पुसायची पेटी, पंच कार्डांचा गठ्ठा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे सगळं त्या रजिस्टरमधून ‘निर्लेखित’ होऊन लिलावात जातं. घेणारा वजनावर घेतो. त्याच ट्रकमधून तुमच्या कॉलेजचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास गेटबाहेर पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

हे थांबवायला पैसे लागत नाहीत, एक अर्ज लागतो. एचओडींच्या नावे, चार-पाच जणांच्या सह्या घेऊन, साध्या मराठीत किंवा इंग्रजीत : पुढच्या निर्लेखनाआधी प्रत्येक प्रकारचं एक यंत्र डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटात ठेवावं, ईप्रॉम वाचून त्यांच्या फाइल्स जपण्याची आणि माहितीच्या पाट्या लिहिण्याची जबाबदारी आम्ही घेतो. सोबत लॅब असिस्टंटना गाठा. कुठल्या कपाटामागे काय पडलंय, हे प्रिन्सिपॉलपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं आणि रिटायर होण्याआधी कुणीतरी विचारावं, अशी त्यांचीही इच्छा असते.

एक वही करा. प्रत्येक वस्तूला नंबर. त्यासमोर चिपवरचं नाव, डेट कोड, कुठं मिळाली, कुणी दिली, कशातली होती. या नोंदीशिवाय डबाभर चिप्स म्हणजे नुसतं भंगारच. नोंद असेल, तर ‘८४३७, ८०८५, तळमजल्यावरची जुनी लॅब’ एवढी एक ओळही पुरे. सेमिस्टर संपायला अजून वेळ आहे. डेड स्टॉकची यादी साधारण मार्चअखेरच्या सुमारास निघते, तेव्हा अर्ज त्याआधी पोहोचायला हवा.